तुळईचं टोक

रायगड पाहून आलेला माणूस दगड पाहून येतो. राजवाड्याची जोती, बाजारपेठेच्या भिंती, मनोरे, तलाव, तट, सगळा काळा कातळ. १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला तेव्हा या जोत्यांवर खांब, तुळया, माड्या आणि छपरं होती, आणि त्यातलं बहुतेक काम लाकडाचं होतं. मे १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या तोफांच्या माऱ्यात गडावर आग लागली, जळण्यासारखं होतं ते जळालं आणि उरलेल्याला आपण रायगड म्हणू लागलो. दहा वर्षांनी, १८२८ मध्ये, पुण्यात शनिवारवाड्याचीही तीच गत झाली. आपल्याकडे ‘ऐतिहासिक वास्तू’ म्हटलं की डोळ्यांसमोर दगड येतो, त्यामागे या दोन आगींचा वाटा मोठा आहे. पुराव्याचा अर्धा भाग जळून गेला आणि उरलेल्या अर्ध्यालाच आपण वास्तू समजलो.

लाकडाला बांधकामाचं साहित्य म्हणून समजून घ्यायचं, तर गडावरून खाली उतरून अंबा नदीच्या काठी नागोठण्याला येणं सोयीचं पडतं. रोहा तालुक्यातलं हे गाव पेणच्या दक्षिणेला, मुंबई-गोवा महामार्गावर आहे. खोपोलीकडच्या घाटात उगम पावलेली अंबा जांभूळपाडा आणि पालीवरून इथे येते, आणि इथूनच तिला धरमतरच्या खाडीची भरती-ओहोटी लागते. गावाच्या मागे डोंगरातलं जंगल, पुढे खाडी आणि खाडीपलीकडे मुंबई. रेल्वे आणि पक्के रस्ते येण्याआधी महाबळेश्वरला निघालेले मुंबईकर साहेबलोक गलबताने नागोठण्यापर्यंत येत आणि पुढे पालखीने महाडकडे जात. माणसं येत त्याच पाण्याने उलट दिशेला जंगलाचा माल जाई. वासे, फाटे, जळाऊ लाकूड आणि कोळसा मुंबईला पोचवणारी जी खाडीकाठची बंदरं होती, त्यांत हे एक. घर बांधायचं लाकूड इथे उगवतं, इथून वाहून जातं, इथल्या घरांत वापरलं जातं आणि इथल्याच पावसात कुजतं. एका साहित्याची सगळी कुंडली इतक्या लहान टापूत क्वचितच मिळते.

गावातली सगळ्यात जुनी म्हणून दाखवली जाणारी बांधणी मात्र दगडी आहे. नदीवरचा कमानींचा पूल चौलच्या काझी अल्लाउद्दीनने १५८२ च्या सुमारास बांधला, असं जुनं गॅझेटियर सांगतं. पण दगडी कमान काही हवेत रचत नाहीत. आधी खाली लाकडाचा साचा उभा करायचा, त्यावर दगड लावत न्यायचे, माथ्यावरचा कळीचा दगड बसला आणि चुना धरला की साचा काढून घ्यायचा. म्हणजे पुलाची प्रत्येक कमान आधी सुताराने उभी केली आणि मग गवंड्याने. पूल राहिला, साचा गेला.

याच्या उलट घडलेली गोष्टही जवळच आहे. नागोठण्याहून वाकण फाट्याला वळलं की पाली. बल्लाळेश्वराचं मूळ देऊळ लाकडी होतं आणि १७६० मध्ये फडणवीसांनी ते दगडात बांधलं, असं परंपरा सांगते. श्रेय नाना फडणवीसांना देतात. त्या साली नाना जेमतेम अठरा वर्षांचे होते, तेव्हा घराण्याचं काम नानांच्या नावावर जमा झालं असावं असं मला वाटतं. दगड घट्ट बसावेत म्हणून चुन्यात शिसं ओतल्याचंही सांगतात. मला त्या देवळात जास्त बोलके वाटतात ते सभामंडपाचे आठ खांब. त्यांचा घाट सुरूच्या झाडाचा आहे. खाली फुगीर आणि वर निमुळता होत जाणारा हा घाट पेशवाईतल्या लाकडी खांबांचा. पुण्याच्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागात तो सागात कोरलेला आजही दिसतो. देऊळ दगडाचं झालं तरी कारागिराचा हात सुतारकामाच्या वळणाने चालत राहिला.

हे वळण फार जुनं आहे. पालीच्याच टापूत, सुधागडच्या डोंगरात, ठाणाळे आणि खडसांबळे ही बौद्ध लेणी आहेत; घाट चढून गेलं की कार्ले आणि भाजे. लेणं म्हणजे दगडातलं काम, असं आपण सरसकट म्हणतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात मान वर करून पाहिलं तर छताला लाकडी फासळ्या बसवलेल्या दिसतात, सुमारे दोन हजार वर्षांच्या. छत अखंड कातळाचं आहे, त्याला त्या फासळ्यांच्या आधाराची काडीमात्र गरज नाही. पण तेव्हाच्या माणसाला फासळ्यांशिवाय छत हे छत वाटतच नसावं. भाज्यालाही तसंच. या दोन लेण्यांतून दोन गोष्टी निघतात. एक, दगडात कोरायला सुरुवात झाली तेव्हा इथलं लाकूडकाम पुरतं मुरलेलं होतं. दुसरी, पाणी लागलं नाही तर साग दोन हजार वर्षं टिकतो. लाकूड अल्पायुषी असतं हा समज याच सह्याद्रीत खोटा ठरलेला आहे.

आता जातींकडे वळू. जुन्या घरात गेलं की ‘सगळं सागवान आहे’ असं मालक अभिमानाने सांगतात. बहुतेक वेळा ते खरं नसतं, आणि खरं नसणं हेच शहाणपणाचं असतं. साग दारं-खिडक्यांना, दिसणाऱ्या खांबांना आणि तक्तपोशीला; भार पेलायला ऐन, किंजळ, नाणा, हेद; दाराच्या फळ्यांना आणि देव्हाऱ्याला फणस; हलक्या कामाला शिवण. साग घनमीटरला साडेसहाशे किलोच्या आसपास भरतो, ऐन त्याहून बराच जड आणि मजबूत, पण वाळताना तडकतो आणि हत्याराला दाद देत नाही. सागाचं मोठेपण ताकदीत नाही, त्याच्या स्वभावात आहे. तो वाळताना फार आक्रसत नाही, वाकत नाही, त्यात तेलकट द्रव्यं असल्यामुळे वाळवी त्याला सहसा शिवत नाही, आणि रंधा मारला की गुळगुळीत होतो. मात्र हे सगळं गाभ्याच्या लाकडाचं. सालीलगतचं पांढुरकं लाकूड सागाचं असलं तरी किड्याला ते इतर लाकडासारखंच गोड लागतं. जुन्या वाशांवर एका कडेने भुसा पडतो आणि दुसरी कड ठणठणीत असते, ती यामुळेच: कमी जाडीच्या झाडाचा वासा काढताना पांढरा भाग तसाच ठेवलेला असतो.

कुणबी आणि आदिवासींच्या घरांत सागाचा प्रश्नच नव्हता. तिथे जमिनीत रोवलेल्या मेढी, जंगलातले जाडेभरडे वासे, आणि कारवीच्या काठ्यांचा कुड, त्यावर शेणामातीचं लिंपण. ही घरं पंधरा-वीस वर्षांनी नव्याने बांधायचीच असत, म्हणून त्यांची नोंद कुणी ‘वास्तू’ म्हणून केली नाही. पण दर पिढीत पुन्हा बांधलं जाणारं घर हाही इतिहासाचा पुरावा आहे. त्यातली लाकडं नवी असली तरी बांधायची रीत शेकडो वर्षांची असते. आपल्या सर्वेक्षणांतून हा भाग जवळजवळ गळलेला आहे, आणि कारवीचा कुड भरणारी माणसं आता थोडीच उरली आहेत.

साग सर्वांना का मिळत नव्हता, याला निसर्गापेक्षा राज्यकारभार जबाबदार. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाबद्दल तपशिलाने लिहिलेलं आहे. सागासारखी कामाची झाडं परवानगीने तोडावीत, कमी पडलं तर परमुलखातून आणावं, पण आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडं रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात; एखादं झाड अगदीच जीर्ण झालं तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन तोडावं. हा मजकूर शिवाजी महाराजांचं पत्र म्हणून हल्ली मोबाइलवर फिरतो. धोरण त्या परंपरेतलं आहे हे खरं, लेखन अमात्यांचं. इंग्रजांनी पुढे जंगल राखीव केलं ते आधी जहाजांसाठी, मग रेल्वेसाठी आणि महसुलासाठी. सागाची जहाजं किती टिकतात याचं उदाहरण अजून पाण्यावर आहे: मुंबईच्या गोदीत वाडिया सुतारांनी बांधलेलं आणि १८१७ मध्ये पाण्यात सोडलेलं ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगतं. तो साग मलबारचा. आपल्याकडच्या जंगलात वारंवार तोड झाल्यामुळे एवढ्या घेराची झाडं फारशी उरत नसत; इथून मुख्यतः वासे जात. १८७८ च्या वनकायद्यानंतर घराच्या आढ्यासाठी लाकूड तोडणं हा शेतकऱ्याचा गुन्हा ठरू लागला, आणि त्याची धग २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेरला दिसली. जंगल सत्याग्रहावर तिथे गोळीबार झाला, माणसं गेली. एखाद्या घरात सागाचा खांब आहे की ऐनाचा, यात इतकं राजकारण मुरलेलं असतं.

घराची मापंही लाकडानेच ठरवली. खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, आणि ते तुळईच्या लांबीवर बेतलेलं. इतक्या खणांची ओटी, इतक्या खणांचं माजघर, असा हिशेब असे. बांधणीचा क्रम साधा: दगडी जोतं, त्यावर तळखडा, तळखड्यावर खांब, खांबाच्या डोक्यावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर कडीपाट किंवा माळा, वर आढं, वासे, रीपा आणि कौलं. भिंत बहुधा भार घेत नाही, ती फक्त आडोसा करते. खांब तळखड्यावर नुसता टेकवलेला असतो, जमिनीत गाडलेला नसतो, कारण मातीला टेकलेलं लाकूड जगत नाही हे सुताराला ठाऊक होतं. जोड खिळ्यांचे नाहीत. एका लाकडाची कूस दुसऱ्याच्या सालीत, म्हणजे कोरलेल्या खाचेत, बसवायची आणि पाचर मारायची. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, आणि अशा जोडाला त्या हालचालीची सवय असते. लोखंडी खिळा तिथे आधी गंजतो, मग भोवतालचं लाकूड काळं पाडून सैल करतो.

या चौकटीचा आणखी एक गुण १९९३ मध्ये किल्लारीच्या भूकंपात दिसला. तिथल्या माळवदाच्या घरांत जाडजूड दगडमातीच्या भिंती कोसळून माणसं गाडली गेली. कित्येक घरांत मधली लाकडी चौकट मात्र उभी राहिली होती. त्यानंतर लोकांनी लाकूडच टाकून दिलं आणि सिमेंट धरलं, हा निष्कर्ष मला कधीच पटलेला नाही.

जुन्या पेठेतल्या एखाद्या घराच्या माळ्यावर बॅटरी घेऊन चढलं, तर तुळयांच्या अंगावर अशा रिकाम्या साली सापडतात ज्यांत काहीच बसवलेलं नसतं. चौकोनी, नीट पटाशीने घेतलेल्या, पण आताच्या रचनेत निरुपयोगी. ही तुळई आधीच्या कुठल्या तरी घरात होती, याचा तो पुरावा. जुनं घर उतरवलं की चांगलं लाकूड नव्यात लावायचं ही सरसकट रीत होती. म्हणून ‘हे घर किती सालचं’ या प्रश्नाला लाकूड एकच उत्तर देत नाही. जोतं शंभर वर्षांचं आणि तुळई दोनशे वर्षांची, असं सहज असू शकतं. एका तुळईवर कोरीव नक्षी आणि शेजारची साधी, एका खांबाचा हस्त दुसऱ्या घाटाचा; अशा घराला बिघडलेलं समजू नये. ते घर जुळवलेलं असतं, आणि जुळवणाऱ्याने काय टाकलं नि काय ठेवलं हे वाचणं हाच अभ्यास.

खरा प्रश्न कुजण्याचा, आणि तो नागोठण्यासारखा फार कमी ठिकाणी उघड दिसतो. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. लाकूड म्हणजे भाताच्या पेंढ्याची आवळलेली जुडी समजा: पोकळ नळ्या एका दिशेने लावलेल्या. कडेने ती पाणी घेत नाही म्हटलं तरी चालेल. टोकाने ती पाणी ओढून घेते. हवेतल्या दमटपणामुळे पावसाळ्यात इथलं लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या सतरा-अठरा टक्के ओलं होतं, उन्हाळ्यात ते बरंच खाली येतं. बुरशीला वाढायला साधारण वीस टक्क्यांच्या वर ओल लागते. म्हणजे कोकणातलं लाकूड दर पावसाळ्यात अगदी काठावर जाऊन परत येतं. त्या काठावर असताना वरून एक बारीकशी गळती सुरू झाली, की ते पलीकडे जातं आणि तिथून परत येत नाही.

म्हणून घर तपासणारा जाणता माणूस तुळईच्या मध्यभागी वेळ घालवत नाही. मधला भाग वाकला तर तो दिसतो, कुरकुरतो, सूचना देतो. तो थेट तुळई भिंतीत शिरते तिथे जातो. टोकाला हातोडीच्या दांड्याने ठोकायचं: ठणक आली तर ठीक, बद्द आवाज आला तर संशय. मग टोचणी किंवा स्क्रूड्रायव्हर घुसवून पाहायचा. धडक्या सागात तो दोन-तीन मिलिमीटरही जात नाही. कुजलेल्यात मुठीपर्यंत उतरतो आणि बाहेर येताना ओलसर तपकिरी चुरा आणतो. बाहेरून रंग, पॉलिश, नक्षी सगळं जागेवर असतं. तुळईचं मधलं दहा फूट लाकूड अजून शंभर वर्षं चालेल असं आणि शेवटचं वीतभर टोक मातीमोल, हे चित्र इतक्या घरांत दिसतं की त्याला नियमच म्हणावं. ठेकेदार ते टोक पाहतो आणि सांगतो, ‘लाकूड गेलंय, घर पाडा.’ लाकूड गेलेलं नसतं. त्याचं टोक गेलेलं असतं, आणि ते का गेलं हे भिंतीला विचारायचं असतं.

भिंतीने बहुधा सिमेंट खाल्लेलं असतं. चुन्याचा गिलावा आतली ओल बाहेर सोडतो. सिमेंटचा ती कोंडतो. ‘मजबुतीसाठी’ म्हणून बाहेरून सिमेंटचा गिलावा केला की पावसाचं पाणी बारीक भेगांतून आत जातं आणि बाहेर पडायची वाट बंद होते. मग ते सगळ्यात कोरड्या गोष्टीकडे सरकतं, म्हणजे तुळईच्या टोकाकडे. तेलरंगाचा जाड थरही हेच करतो. जवसाचं तेल, करंजेल, कोकणात काजूच्या टरफलांचं तेल ही जुनी लेपनं लाकडात मुरत, आणि आत शिरलेली ओल कोंडून ठेवत नसत.

दुसरा बदल छपरावर झाला. बासेल मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि पुढच्या काही दशकांत मंगलोरी कौलं कोकणभर पसरली. त्याआधी कुंभाराने थापलेली नळीची कौलं असत आणि ती दरवर्षी पावसाआधी चाळावी लागत. घर शाकारायला माणूस वर चढे, कौलं काढी, कुजकी रीप बदली, वाशाला हात लावून पाही. हे काम कष्टाचं होतं आणि त्याचा कंटाळा येणं स्वाभाविक. मंगलोरी कौलाने ते वाचवलं. पण शाकारणी ही वर्षातून एकदा होणारी लाकडाची तपासणीही होती, हे ती बंद पडल्यावर कळलं. आता कौल सरकतं ते वानरांमुळे, आणि सरकल्याचं कळतं ते भिंतीवर ओघळ उतरल्यावर. मालक मुंबईत असतो. तो गणपतीला येतो, तोपर्यंत आषाढ-श्रावण उलटलेले असतात.

चुलीबद्दल थोडं जपून बोलायला हवं, कारण धुराने बायकांची फुप्फुसं आणि डोळे खाल्ले आहेत. पण माजघराचा धूर वाशांवर बसत होता, छप्पर कोरडं ठेवत होता आणि किड्याला दूर ठेवत होता, हेही खरं. गॅस आला ते चांगलंच झालं. त्याबरोबर वाशांची दुसरी काही सोय करायला हवी होती, ती कुणाला सुचली नाही. हल्ली गळतीवर इलाज म्हणजे प्लास्टिकचा कागद. नागोठण्याच्या कारखान्यात प्लास्टिकचा कच्चा मालच तयार होतो, तेव्हा गावाला त्याची वाण नाही. कौलांखाली तो कागद अंथरला की वरचं पाणी थांबतं आणि खालची वाफ तिथेच ठिबकते. वासे वरून कोरडे, खालून ओले.

पूर हा वेगळा विषय. जुलै १९८९ मध्ये अंबेने जांभूळपाडा धुऊन नेलं आणि नागोठण्यालाही तडाखा दिला. त्यानंतरही पुराचं पाणी बाजारपेठेत शिरत आलंच आहे. आश्चर्य वाटेल, पण पुरात दोन दिवस बुडालेला सागाचा खांब त्या पाण्याने मरत नाही. खाडीत आणि तळ्यात लाकूड मुद्दाम बुडवून ठेवायची पद्धत जुनीच आहे. त्याने त्यातली साखर-पिष्ट निघून जातं आणि किड्याला खाद्य उरत नाही. खांबाला मारतो तो पुरानंतरचा गाळ. तो तळखड्याभोवती साचतो, सालीत घुसतो, महिनोन्‌महिने ओला राहतो. गाळ काढला, दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या, गिलावा वीतभर खरवडून भिंतीला श्वास घेऊ दिला, तर घर सावरतं. नुकसानभरपाईच्या पंचनाम्यात याला रकाना नसतो.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने तर जिल्ह्यातली छपरं हजारोंनी उडवली. नंतर गावोगाव लोखंडी अँगल आणि पत्रे चढले, आणि लोकांना त्यासाठी दोष देण्यात अर्थ नाही. पाऊस आठवड्यावर होता, कौलं मिळत नव्हती, सुतार मिळत नव्हते. पण वादळात काय तुटलं याचा तपशील पाहण्यासारखा होता. वाऱ्याने छपराला खालून उचललं की जिथे वासा नुसता वजनाने बसलेला होता तिथे तो सुटला. जुनं छप्पर वरून येणारा भार घ्यायला बनवलेलं, खालून येणारी ओढ त्याच्या हिशेबात कमी. वाशांना भिंतीशी आणि आढ्याशी पट्ट्यांनी जखडणं हा त्यावरचा उपाय, स्वस्त आणि न दिसणारा.

आगीबद्दल थोडक्यात. लाकूड जळतं, पण जाड लाकूड हळू जळतं. वरचा कोळशाचा थर आतल्याला वाचवतो, आणि कठीण लाकडात ज्वाला मिनिटाला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच आत सरकते. लोखंड साडेपाचशे अंशांच्या आसपास निम्मी ताकद गमावून वाकतं. वाडे पेटतात ते बहुधा जुन्या वायरिंगमुळे आणि माळ्यावरच्या अडगळीमुळे. २०१९ मध्ये पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचं ओकचं छप्पर जळालं तेव्हा फ्रान्सने ते पुन्हा ओकमध्येच, जुन्या सुतारकामाने उभं केलं. पाच वर्षांत. त्यांच्याकडे तोडायला ओक होते, आणि तासायला सुतारही.

आपल्याकडे धोरण बरीच वर्षं उलट्या दिशेला होतं. १९८८ च्या वननीतीने लाकडाला पर्याय शोधायला सांगितलं, आणि १९९३ मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने आपल्या कामांत लाकूड वापरायला बंदी घातली. ती उठली २०२० मध्ये. जंगल वाचवणं गरजेचं होतं यात वाद नाही. पण सत्तावीस वर्षांत सरकारी अभियंत्यांची एक अख्खी पिढी लाकडाला हात न लावता निवृत्त झाली. भारतीय मानकांत लाकडी बांधकामासाठी आयएस ८८३ आहे; महाविद्यालयात तो किती जण उघडतात ते विचारून पाहा. जिल्ह्यात एखाद्या वाड्याची ‘संरचनात्मक तपासणी’ होते तेव्हा आलेला माणूस काँक्रीटचा जाणकार असतो, आणि न ओळखीच्या गोष्टीला तो धोकादायक ठरवतो.

संवर्धनाच्या जगात विचार पुढे गेलेला आहे. ऐतिहासिक लाकडी बांधकामांसाठी आयकोमॉस या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९९ मध्ये मेक्सिकोत तत्त्वं मंजूर केली आणि २०१७ मध्ये ती सुधारून घेतली, तीही दिल्लीत. त्यांचा गाभा असा की लाकडाचा शक्य तितका मूळ भाग राखावा, बदलायचा तर त्याच जातीचं आणि तशाच प्रतीचं लाकूड घ्यावं, जोड पारंपरिक पद्धतीने करावा, आणि कारागिरी हाही वारसा मानावा. नागोठण्याच्या भाषेत: टोक गेलं असेल तर टोकच कापा. कुजकं लाकूड धडक्या भागापर्यंत काढून टाकायचं, तिथे लांब तिरका सांधा घ्यायचा, जुन्याच लाकडाचा नवा तुकडा जोडायचा, लाकडी खुंट्या मारायच्या, आणि भिंतीत टोकाभोवती हवा खेळेल एवढी जागा सोडायची. खर्च नव्या तुळईहून कमी येतो. कुशल माणूस मात्र लागतो.

कायद्याचं संरक्षण लाकडी घरांना फारसं लाभलेलं नाही. १९६० च्या राज्य कायद्याखाली जी घरं जपली गेली, ती त्यांत राहिलेल्या माणसांमुळे: शिरढोणचा वासुदेव बळवंत फडके यांचा वाडा, रत्नागिरीतलं टिळकांचं जन्मघर. केवळ सुतारकाम अस्सल आहे म्हणून कोकणातलं साधं घर यादीत घ्यावं, हा विचार अजून रुजलेला नाही. दरम्यान बाजाराने त्याची किंमत ओळखली आहे. जुनं सागवान घनफुटावर विकलं जातं, आणि कोरीव खांब, दारं, झोपाळ्याच्या कड्या मुंबईत जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात जातात. घर उभं असण्यापेक्षा उतरवलेलं असताना जास्त मोलाचं ठरतं, तेव्हा ते उतरवलं जाणारच.

दुरुस्तीसाठी लाकूड कुठून आणायचं हा त्यामागोमाग येणारा प्रश्न. स्वतःच्या जमिनीतला साग किंवा ऐन तोडायचा तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्यान्वये परवानगी लागते, वाहतुकीला वेगळा पास लागतो. ब्रह्मदेशाने २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. बाजारात येतो तो आफ्रिकेतला किंवा दक्षिण अमेरिकेतला लागवडीचा साग, वीस-पंचवीस वर्षांत तोडलेला, रुंद वलयांचा, पांढरा भाग जास्त असलेला. तो साग आहे, पण दोनशे वर्षांच्या तुळईच्या शेजारी बसवण्याजोगा नाही. सगळ्यात योग्य लाकूड शेजारच्या पाडलेल्या घराचं. तालुक्याला एक अशी वखार असावी जिथे उतरवलेल्या घरांचं लाकूड मापं, जात आणि मूळ जागा लिहून ठेवलं जाईल आणि दुरुस्तीसाठीच दिलं जाईल. यात अशक्य काही नाही. पूर्वी हेच काम गावाचा सुतार लेखी कागद न ठेवता करत होता.

कापलेल्या टोकांचाही एक उपयोग आहे. उष्ण कटिबंधातल्या मोजक्या झाडांना वर्षाचं एक असं स्पष्ट वलय पडतं, साग त्यांतला एक. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी ठाण्याकडच्या सागाची वलयं मोजून त्यांचा पावसाशी संबंध तपासलेला आहे. जिवंत झाडांची वलयं मागे मागे नेत जुन्या तुळयांच्या वलयांशी जुळवली, तर पाली-नागोठण्यातल्या घरातलं झाड कोणत्या साली तुटलं हे सांगता येईल, आणि कागदपत्रं नसलेल्या काळातला पाऊसही. त्यासाठी चार बोटं जाडीचा धडका काप पुरतो, सालीपर्यंतची वलयं शाबूत असलेला. आज दुरुस्तीत निघालेली टोकं अंघोळीच्या बंबात जातात. घर कोणतं, तुळई कोणती, टोक कोणत्या बाजूचं, एवढं खडूने लिहून ती सुकत ठेवायची, इतकंच पहिलं काम आहे.